"आधी असं नव्हतं हे कशावरून?" खाणीशेजारी राहून पाण्याची वही ठेवताना आलेला अनुभव

पहिल्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं की आमच्या विहिरीचं पाणी बिघडलंय, चव बदललीय, बादलीला आतून तपकिरी थर धरतो, भांडं सुकलं की वर पांढरं उमटतं. समोर बसलेल्या खाणीच्या साहेबांनी आवाज अजिबात न चढवता विचारलं, "आधी असं नव्हतं हे कशावरून म्हणता?" मी म्हटलं अहो आम्ही इथेच राहतो, रोज तेच पाणी भरतो, आम्हाला कळणार नाही का. ते म्हणाले तसं नाही ताई, तुमच्याकडे आधीचा एखादा रिपोर्ट आहे का? नव्हता. माझ्याकडे नव्हता, शेजारणीकडे नव्हता, अख्ख्या वस्तीत कुणाकडेच नव्हता. पाणी चांगलं असताना कोण कशाला तपासून ठेवतं?

बैठक तिथेच संपली म्हणायला हरकत नाही, पुढचा तासभर नुसतं बोलणं झालं. घरी येताना मला इतका राग आला होता की रडूच येत होतं, कारण तो प्रश्न चुकीचा नव्हता, पण ज्याच्याकडे मशीनं आहेत, लॅब आहे, इंजिनियर आहेत त्याने तो अशा माणसाला विचारला होता जिच्याकडे फक्त बादली आहे. पुरावा कुणी द्यायचा हा खाणीच्या बाबतीतला सगळ्यात मोठा अन्याय आहे असं मला आजही वाटतं. त्यानंतरची जवळजवळ अडीच वर्षं आम्ही पाच जणांनी काय केलं, कुठे चुकलो, काय कळलं ते सगळं इथे लिहितेय, कुणाला उपयोगी पडलं तर पडेल. गावाचं, कंपनीचं, माणसांची नावं लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

आमच्याकडे शिसं आणि जस्ताची उघडी खाण आहे. खाण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तो मोठा खड्डा येतो, पण त्रास नुसत्या खड्ड्याचा नसतो, त्रास असतो बाजूला रचलेल्या दगडाच्या डोंगराचा आणि टेलिंग्जच्या तळ्याचा, म्हणजे धातू काढून घेतल्यावर उरलेला जो बारीक गाळ असतो तो बंधारा घालून साठवतात तिथला. या खडकात पायराइट असतं, चमकतं म्हणून लोक त्याला खोटं सोनं म्हणतात. जमिनीखाली होतं तोवर ते शांत होतं, वर काढून फोडलं की त्याला हवा आणि पाणी लागतं आणि त्यातून सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं, काही जिवाणू असतात ते हे काम अजून भरभर करतात. मग ते आंबट पाणी वाटेतल्या दगडातलं शिसं, कॅडमियम, मँगनीज, जे काय असेल ते विरघळवून घेऊन खाली येतं. खाली म्हणजे आमच्याकडे. ओढ्यातल्या दगडांवर जो नारिंगी थर दिसतो तो लोखंडाचा, त्याला आम्ही कितीतरी दिवस नुसता गंज समजत होतो.

पाच जण म्हणजे मी, एक रिटायर्ड सर्व्हेअर काका, दवाखान्यात काम करणारी एक नर्सताई, विहिरीशेजारच्या एक आजी, आणि एक मुलगा जो तेव्हा बारावीत होता. केमिस्ट्री येणारं कुणी नाही. काका पहिल्याच दिवशी म्हणाले की आधीचं गेलं ते गेलं, आजपासूनचं तरी लिहा, कारण दोन वर्षांनी आजचा दिवस "आधी" होणार आहे. आणि खरंच सगळं काम त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

पहिलं सॅम्पल आम्ही अगदी चुकीचं घेतलं. कोल्ड्रिंकची बाटली धुऊन तिच्यात पाणी भरलं, वर पेनाने विहिरीचं नाव लिहिलं, ते वाटेत पुसलं गेलं, बाटल्या पिशवीत उन्हात राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी लॅबला पोचल्या. लॅबमधल्या बाईंनी बघितलं आणि सांगितलं की मी टेस्ट करीन, पैसे घेईन, पण या आकड्यांना कुणी विचारणार नाही. मग त्यांनीच अर्धा तास काढून सगळं समजावलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. धातूंसाठी वेगळी बाटली, ॲसिडने धुतलेली, आणि पाणी भरल्यावर तिच्यात थोडं नायट्रिक ॲसिड टाकायचं, पीएच (पाणी जितकं आंबट तितका हा आकडा कमी, सात म्हणजे ना आंबट ना खारं) दोनच्या खाली जाईल इतकं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि रिपोर्टमध्ये पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतं. सल्फेट, क्लोराइडसाठी दुसरी बाटली, तिच्यात ॲसिड घालायचं नाही. दोन्ही थंड ठेवायच्या, चार डिग्रीच्या आसपास. पाण्यात विरघळलेलाच धातू बघायचा असेल तर 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मग ॲसिड. पीएच, तापमान आणि ईसी, म्हणजे पाण्यातून वीज किती जाते ते, हे तिथल्या तिथे विहिरीवरच मोजायचं, कारण पाणी बाटलीत बसलं की पीएच बदलतो. आणि दर खेपेला एक बाटली डिस्टिल्ड वॉटरची, तीही विहिरीवर नेऊन उघडायची, ॲसिड घालायचं, लॅबला द्यायची, लॅबला सांगायचं नाही. त्या बाटलीत शिसं निघालं तर समजायचं की घाण आपल्या हातातून किंवा बाटलीतून आलीय. तसंच एका विहिरीच्या दोन बाटल्या वेगवेगळ्या नावाने द्यायच्या, दोन्हींचा आकडा जवळजवळ सारखा आला तर लॅबवर भरवसा ठेवायचा.

हे वाचायला किचकट वाटेल, पण तीन-चार खेपांत हाताला सवय होते. आमच्या आजींना वाचता येत नाही, पण बाटलीच्या झाकणाच्या रंगावरून ॲसिडवाली कुठली ते त्या आमच्याआधी सांगायच्या. ईसी मीटर आणि पीएच मीटर आम्ही वर्गणी काढून घेतले, पीएचचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेल्या पाण्यात बुडवून मीटर बरोबर लावून घेणं, चार, सात आणि दहाच्या सोल्यूशनने आणि ईसीचं 1413 मायक्रोसीमेन्सच्या, हे काम त्या मुलाकडे. दर वेळी तो कॅलिब्रेशनचा आकडाही वहीत लिहायचा. मला सुरुवातीला वाटायचं एवढं कशाला. पुढे समोरच्यांनी सगळ्यात पहिल्यांदा तेच पान मागितलं.

काकांचं काम पाण्याची पातळी मोजायचं. दोरीला वजन, कठड्यावर रंगाने एक खूण, रोज नाही पण दर आठवड्याला सकाळी पंप चालू व्हायच्या आधी त्याच खुणेपासून मोजायचं. खाणीचा खड्डा खोल गेला की त्यात झिरपणारं पाणी सतत उपसावं लागतं, आणि उपसलं की आजूबाजूचं भूजल त्या खड्ड्याकडे ओढलं जातं, म्हणजे पाणी खराब होण्याआधी कित्येकदा विहीर खालीच जाते. आमच्या दोन विहिरी अशाच गेल्या. त्या आटल्या तेव्हा लोक म्हणाले पाऊस कमी झाला, आणि पावसाचा आकडा आमच्याकडे नव्हता. तो दुसऱ्या वर्षीपासून लिहायला लागलो. ही पण एक चूकच, पाऊस पहिल्या दिवसापासून लिहायला पाहिजे होता.

आता त्या रिपोर्टबद्दल सांगते, कारण याच ठिकाणी आम्ही फसता फसता वाचलो. नीट घेतलेल्या पहिल्या सॅम्पलचा रिपोर्ट आला, शिशापुढे लिहिलं होतं बीडीएल, म्हणजे लॅबच्या मशीनला दिसेल त्यापेक्षा कमी. वस्तीत सगळ्यांना हायसं वाटलं, बायका म्हणाल्या चला, पोरं वाचली. मी पण त्या दिवशी शांत झोपले. दुसऱ्या दिवशी नर्सताई रिपोर्ट घेऊन आली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं दाखवलं, डिटेक्शन लिमिट 0.05 मिलिग्रॅम प्रति लिटर. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यातल्या शिशाचं प्रमाण आहे 0.01, म्हणजे लिटरला 10 मायक्रोग्रॅम. म्हणजे पाण्यात मर्यादेच्या चौपट शिसं असतं तरी या रिपोर्टवर बीडीएलच आलं असतं. रिपोर्ट खोटा नव्हता. पण त्यावरून पाणी चांगलं आहे असं कुणी म्हणालं असतं तर ते खरं नव्हतं, आणि आम्ही एक अख्खा दिवस तेच म्हणत होतो. वस्तीत जाऊन परत सांगायला लागलं की कालचं धरू नका, ते माझ्यासाठी फार जड गेलं. तेव्हापासून कुणीही रिपोर्ट दाखवला की मी आकडा नंतर बघते, आधी डिटेक्शन लिमिट आणि युनिट बघते, मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम. तुम्हीही बघा.

मग जास्त बारीक मोजणाऱ्या मशीनची लॅब शोधली. तिथून एका विहिरीत शिसं मर्यादेच्या वर आलं, तीनमध्ये मँगनीज जास्त, आणि जवळजवळ सगळीकडे सल्फेट वाढलेलं. सल्फेटला आरोग्याची अशी मर्यादा संघटनेने घातलेली नाही, साधारण 250 मिलिग्रॅमच्या पुढे चव बदलायला लागते एवढंच, म्हणून आधी आम्ही त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. पण लॅबच्या बाईंनी सांगितलं की तुमच्यासाठी हाच आकडा महत्त्वाचा. पायराइटमधून ॲसिड होताना सल्फेट होतंच, आणि वाटेत चुनखडीसारखा दगड असेल तर तो ॲसिड मारून टाकतो, पीएच सात दिसतो, धातू खाली बसतात, सगळं छान वाटतं, पण सल्फेट मात्र पाण्याबरोबर पुढे येत राहतं. दगडातला चुना संपला की मग पीएच पडतो आणि धातू येतात. म्हणजे सल्फेट चढायला लागलं तेव्हाच धोका कळतो, हातात थोडा वेळ असतो. आजी म्हणत होत्या चव बदलली, चव बदलली. त्या बरोबरच सांगत होत्या, त्यांच्या जिभेला आमच्या मीटरच्या कितीतरी आधी कळलं होतं.

अजून एक, सॅम्पल कधी घेता यावर फार अवलंबून असतं. कोरड्या दिवसांत त्या दगडाच्या ढिगावर पांढरे-पिवळसर क्षार धरतात, ते म्हणजे ॲसिड आणि धातू सुकून बसलेले असतात, आणि पहिला जोराचा पाऊस झाला की ते एकदम विरघळून ओढ्यात येतात. त्या पहिल्या काही तासांतलं पाणी आणि महिन्याभरानंतरचं पाणी यांत खूप फरक पडतो. आम्ही पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यावर आरामात जाऊन सॅम्पल घेतलं. दुसऱ्या वर्षी तो मुलगा आणि मी पहिल्या सरीला ओढ्यावर उभे होतो, भिजलेल्या हातांनी लेबल लिहिता येईना, पेन्सिलीने लिहिलं. अडीच वर्षांतला सगळ्यात वाईट आकडा त्या दिवसाचा आहे. कंपनीची तपासणी तीन महिन्यांतून एकदा, ठरलेल्या तारखेला होते. त्यांच्या कागदावर तो दिवस कधी येणारच नाही.

शिसं फक्त पाण्यातून येतं असं मात्र समजू नका. आम्ही तसंच समजत होतो. नर्सताईने सांगितलं की लहान मुलांच्या पोटात ते जास्त करून धुळीतून जातं, मूल जमिनीवर खेळतं, हात तोंडात घालतं, संपलं. आणि धूळ फक्त डंपरमागून येत नाही, खाणीत कामाला जाणाऱ्या माणसाच्या कपड्यांवरून घरात येते. आमच्या वस्तीत निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिथे कामाला आहे. माझ्या सख्ख्या भावाचं घर त्यातलंच. त्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे पोरांना मीच आणून देतोय का?" मी त्याला काय सांगणार होते. कामाचे कपडे खाणीतच बदलायची, आंघोळीची सोय, कपडे तिथेच धुवायची सोय, हे कंपनीने द्यायचं असतं, ही मागणी आमच्या यादीत सगळ्यात वर आली ती त्याच्या त्या प्रश्नामुळे.

मुलांच्या रक्ताची तपासणी करायची की नाही यावर खूप वाद झाला. शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, असं आरोग्य संघटना सांगते. डेसिलिटरला, म्हणजे 100 मिलिलिटर रक्ताला, 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, असं त्यांच्या 2021 च्या मार्गदर्शनात आहे. बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात बोटावरची धूळच मिसळू शकते, म्हणून जास्त आकडा आला तर शिरेतून रक्त घेऊन परत बघायला लागतं. आणि शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, त्यामुळे कुणाच्या मुलाचा आकडा किती हे वस्तीत पसरलं तर त्या मुलाला "हा कमी बुद्धीचा" म्हणणारे निघतीलच. शेवटी असं ठरलं की ज्या आईबापांना हवं त्यांनी करायचं, कागद त्यांच्याकडेच राहणार, आमच्या वहीत फक्त नंबर. कुठल्या नंबरला कुठलं घर ते एकट्या नर्सताईला माहीत. नायजेरियातल्या झम्फारा भागात 2010 साली काय झालं ते तिनेच आम्हाला सांगितलं, सोनं असलेला दगड लोक घराजवळ दळायचे, त्या दगडात शिसं होतं, आणि 400 च्या वर लहान मुलं गेली. झांबियातलं काब्वे तर 1994 साली खाण बंद झाल्यानंतरही आजपर्यंत मुलांच्या रक्तात शिसं दाखवतंय. खाण बंद झाली की सुटलो, असं मानणाऱ्यांना मी काब्वे सांगते. आणि अमेरिकेतलं ब्यूट गाव सांगते, तिथे 1982 ला खाणीतले पंप बंद केले, खड्डा आंबट पाण्याने भरत गेला, 1995 मध्ये त्यावर उतरलेले 342 हिमहंस मेले. ते पाणी कायम सांभाळत बसायचं आहे.

आता भीतीबद्दल. वर नावं टाळली ती यासाठी. आम्हाला कुणी मारलं नाही, उघड धमकीही नाही. पण काकांच्या पुतण्याचं कामावरचं नाव दोन महिने यादीत आलं नाही, आजींना कुणीतरी येऊन सांगून गेलं की म्हातारपणी कशाला या भानगडी, आणि जी घरं कामावर होती त्यांनी आमच्याशी बोलणं कमी केलं. मी त्यांना दोष देत नाही, पगार तिथूनच येतो. कोर्टकचेरी नंतर, आधी माणसं एकमेकांपासून तुटतात, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये मोजलं जात नाही. दक्षिण आफ्रिकेत झोलोबेनीला टायटॅनियमच्या खाणीला विरोध करणाऱ्या समितीचे अध्यक्ष सिखोसिफी राडेबे यांना 22 मार्च 2016 ला घरासमोर गोळ्या घातल्या. लोक थांबले नाहीत, आणि 2018 च्या नोव्हेंबरात तिथल्या हायकोर्टाने सांगितलं की त्या समाजाची संमती घेतल्याशिवाय खाणीचा हक्क देता येणार नाही. मी हे वाचलं तेव्हा निकालाचा आनंद व्हायच्या आधी ती दोन वर्षं त्यांच्या घरच्यांनी कशी काढली असतील तेच डोक्यात आलं.

तर मूळ प्रश्न तसाच होता, आधीचा रिपोर्ट आहे का. तो सापडला, आणि सापडला कुठे तर कंपनीच्याच कागदात. खाणीला परवानगी मागताना पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल करायला लागतो, आमच्या वेळचा तो अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा, ऑफिसात ठेवलेला, आणि लोकांना वाटला होता तो आठ-दहा पानांचा सारांश. अख्खा अहवाल मागायला आम्हाला तीन अर्ज करायला लागले. काका आणि तो मुलगा दोन महिने रोज संध्याकाळी बसून तो वाचत होते, मुलगा वाचायचा, काका नकाशा बघायचे. आणि शेवटच्या जोडपत्रात, कुणी बघणार नाही अशा ठिकाणी, तक्ता मिळाला, खाण सुरू व्हायच्या आधीचं आमच्याच ओढ्याचं आणि आमच्याच एका विहिरीचं पाणी. सल्फेट, पीएच, शिसं, सगळं. एकाच ऋतूतलं, एकदाच घेतलेलं, पण होतं. आमच्या "आधी"चा पुरावा इतकी वर्षं त्यांच्या कपाटात होता आणि विचारत ते आम्हाला होते.

त्या संध्याकाळी मुलाने तो आकडा मोठ्याने वाचला आणि आजींनी विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?" मला अजूनही हे लिहिताना घशात काहीतरी येतं.

कागद लोकांना कळेल अशा भाषेत आणि वेळेवर मिळणं हा मानवी हक्कांचा भाग आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं, मला वाटायचं मानवी हक्क म्हणजे तुरुंग, मारहाण वगैरे. संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या आदिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात संमतीबद्दल तीन गोष्टी आहेत, दबाव नको, आधी घेतलेली हवी, आणि पूर्ण माहिती देऊन घेतलेली हवी. आमच्या लोकांनी त्या काळी सुनावणीत हात वर केले होते हे खरं, पण शेवटचं जोडपत्र कुणी वाचलं होतं? कंपन्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचीच 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात सरकारने रक्षण करायचं, कंपनीने हक्कांना धक्का लावायचा नाही आणि लागला तर दाद मिळायला हवी असं आहे. 28 जुलै 2022 ला तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ आणि निरोगी पर्यावरण हा हक्क म्हणून मान्य केला, बाजूने 161 मतं, विरोधात एकही नाही. यातलं काही थेट कोर्टात चालेल असं नाही, वकिलाने ते आम्हाला सरळ सांगितलं. पण अर्जात लिहिताना आपण भीक मागत नाही एवढं तरी कळतं.

दुसऱ्या बैठकीत आम्ही तक्ता ठेवला, शेजारी आमची वही. यावेळी कंपनीचे लोक म्हणाले की हे नैसर्गिक आहे, या भागातल्या खडकातच धातू आहेत. याची आम्हाला अपेक्षा होती, म्हणून पहिल्या वर्षापासून एक विहीर खाणीच्या वरच्या अंगाची, जिथे खाणीचं पाणी पोचूच शकत नाही अशी, धरून ठेवली होती, खडक तोच. तिचं सल्फेट अडीच वर्षं जागचं हललेलं नाही. मग त्यांनी कॅलिब्रेशनचं पान मागितलं, ते बघून घेतलं, मग सॅम्पल कुणी घेतलं, लॅबला कुणाच्या हातून गेलं, प्रत्येक हाताची सही आणि वेळ आहे का. होती. फार वेळ चाललं. शेवटी एवढं ठरलं की इथून पुढे सॅम्पल दोघांनी मिळून घ्यायचं, एकाच वेळी भरलेल्या बाटल्या अर्ध्या त्यांनी त्यांच्या लॅबला, अर्ध्या आम्ही आमच्या लॅबला द्यायच्या, आणि एक खेप पहिल्या पावसाची. शिसं निघालेली विहीर बंद करून त्या घरांना टँकर. कपडे बदलायच्या खोलीचं "विचाराधीन". भावाला मी हा शब्द सांगितला तेव्हा त्याने मान फिरवली.

आम्हाला अजून हवंय ते म्हणजे जपानमधल्या जिंझू नदीकाठच्या लोकांनी मिळवलं ते. तिथे खाणीतलं कॅडमियम नदीतून शेतात गेलं, बायकांची हाडं साध्या खोकल्याने मोडायची, दुखतं दुखतं म्हणून त्या ओरडायच्या, त्यावरूनच रोगाचं नाव इताई-इताई पडलं. 1968 ला खटला भरला, 1972 ला अपिलातही जिंकले, आणि नुकसानभरपाई घेऊन गप्प बसले नाहीत, आम्ही आमचे तज्ज्ञ घेऊन खाणीच्या आत येऊन तपासणार आणि खर्च कंपनीचा, असा करार लिहून घेतला. तेव्हापासून ते जातायत. काकांनी त्या कराराबद्दलचं एक पान वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवलंय.

आता खाणीचा दुसरा खड्डा येतोय, तीन टेकड्या पलीकडे. तिथल्या लोकांनी गेल्या महिन्यात बोलावलं, म्हणाले तुमच्यासारखं भाषण द्यायला या. आम्ही भाषणाऐवजी बाटल्या घेऊन गेलो. आधी त्यांना वाटलं यांची काय गडबड चाललीय, अजून तर एक सुद्धा मशीन आलेलं नाही, पाणी इतकं गोड आहे, कशाला तपासायचं. आजींनी त्यांच्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, प्यायल्या, आणि परत एकदा ओंजळ भरली. मग तिथल्या एका मुलीला बसवून ॲसिडवाली बाटली कशी भरायची ते दाखवलं, मुलाने मीटर तिच्या हातात दिला. घरांच्या भिंतींचे फोटो पण घेतले, प्रत्येक भेगेशेजारी पट्टी धरून, तारखेसकट, कारण ब्लास्टिंग सुरू झालं की तिथेही हाच प्रश्न विचारला जाईल, भेग आधीची नाही कशावरून.

नवी वही आहे. पहिल्या पानावर तिने विहिरीचा नंबर, पातळी, पीएच, ईसी आणि पाऊस लिहिलाय, पाऊस शून्य. खाली तारीख टाकली आणि मला विचारलं, ताई, इथे अजून काय लिहू? मी म्हटलं चव लिही. तिने लिहिलं, गोड.